टोमणा पडद्यावर का लागत नाही?

प्रश्न : लघुपटाचे संवाद लिहिते आहे. कागदावर खोचक वाटणारी वाक्यं तालमीत एकतर खरी स्तुती वाटतात, नाहीतर नुसता उद्धटपणा. काय चुकत असेल?

उत्तर : बहुतेक वेळा दोष त्या वाक्यात नसतो, आधीचा प्रसंग अपुरा असतो. उपरोध कळायला खरी परिस्थिती प्रेक्षकाला अगोदरच ठाऊक हवी. धाकटा भाऊ दोन तास उशिरा येतो आणि बहीण म्हणते, "या, बसा. घाई नव्हती काही." त्याआधी ती तिसऱ्यांदा फोन लावताना दिसली असेल, तर आवाज जराही न चढवता वाक्य लागतं. ते दिसलंच नसेल, तर बिचाऱ्या नटीला सगळा भार सुरावर टाकावा लागतो. मग शब्द ताणले जातात, भुवया उडतात आणि तुम्हाला खटकणारा उद्धटपणा येतो.

'या, बसा' हे अहो-जाहो मराठीतलं फार धारदार हत्यार आहे. मात्र त्याच भावाला ती एरवी 'तू' म्हणते, हे आधी एकदा तरी ऐकू आलेलं हवं. 'मदत करणार म्हणे' यातला 'म्हणे'ही एकटा पुरतो. अहो-जाहो, 'म्हणे' आणि वर डोळे फिरवणं असं सगळं एकत्र आलं, की टोमणा समजावून सांगितल्यासारखा वाटतो.

संहितेत कंसात 'उपरोधाने' लिहू नका. वाक्य अगदी सरळ सुरात वाचून घ्या. प्रसंगासकट तरीही बोचलं तर ठेवा, नाहीतर आधीचा प्रसंग दुरुस्त करा. संकलनात लगेच उत्तरावर जाऊ नका, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक-दोन सेकंद थांबा. भाऊ ओशाळतो की हसण्यावारी नेतो, यावर टोमण्याचं वजन ठरतं. आणि सगळीच पात्रं टोमणे मारू लागली, तर ती एकाच तोंडाने बोलल्यासारखी वाटतात. जिला सरळ बोलणं जड जातं, तिच्यापुरतेच ते ठेवा.

प्रश्न : सबटायटलमध्ये उपरोध कसा दाखवावा?

उत्तर : बीबीसीच्या सबटायटल-नियमांत उपरोधिक विधानाच्या शेवटी कंसात उद्गारचिन्ह देतात, उपरोधिक प्रश्नाच्या शेवटी कंसात प्रश्नचिन्ह. ज्यांना सूर ऐकू येत नाही, त्यांना याचा खरा उपयोग. इंग्रजी भाषांतरात मात्र अहो-जाहो गळून पडतं. तिथे 'महाराज'सारखं एखादं भारदस्त संबोधन घालून तो फुगवलेला आदर परत आणावा लागतो.