यंत्र चुकले, तर दाद कोणाकडे मागावी?

प्रश्न : माझ्या चौसष्ट वर्षांच्या वडिलांचा खोकला थांबेना, म्हणून तालुक्याच्या गावातील एका खासगी रुग्णालयात त्यांचा छातीचा एक्स-रे काढला. अहवालावर ‘संगणकीय विश्लेषण : दोष आढळला नाही’ एवढेच छापलेले होते आणि खाली कोणाचीही सही नव्हती. पाच महिन्यांनी दुसरीकडे तपासणी केली, तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले. रुग्णालय म्हणते, ‘तो मशीनचा रिपोर्ट होता.’ एक्स-रे काढणाऱ्या मुलाला मात्र त्यांनी कामावरून काढून टाकले. दोष नेमका कोणाचा धरायचा?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या वडिलांवर उपचार सुरू असतील असे मानून लिहितो. सर्वप्रथम एक काम करावे. तो जुना एक्स-रे घेऊन दुसऱ्या अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञाकडे जावे आणि पुढे काय निदान झाले हे न सांगता त्यांचे लेखी मत मागावे. हृदयाच्या सावलीमागची किंवा गळपट्टीच्या हाडाखालची लहान गाठ साध्या एक्स-रेवर निष्णात डॉक्टरांच्याही नजरेतून सुटू शकते. गाठ त्या वेळी दिसण्याजोगी होती की नाही, यावर आपल्या तक्रारीचा बराचसा भाग अवलंबून राहील. निदान चुकले म्हणजे आपोआप निष्काळजीपणा झाला असे कायदा मानत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आणि डॉक्टरांवर फौजदारी कारवाई करायची असेल, तर चूक ढोबळ स्वरूपाची असली पाहिजे असेही सांगितले.

परंतु आपल्या प्रकरणातील खरी गंभीर बाब वेगळी आहे. तज्ज्ञाने एक्स-रे पाहिला आणि त्याची नजर चुकली, असे येथे घडलेले नाही. तो कोणी पाहिलाच नाही, असे त्या सही नसलेल्या कागदावरून दिसते. केंद्र सरकारने 25 मार्च 2020 रोजी दूरवैद्यकाची जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने रुग्णाला स्वतः सल्ला देऊ नये किंवा औषध लिहून देऊ नये, तिने केवळ नोंदणीकृत डॉक्टरांना साहाय्य करावे, असे म्हटले आहे. ती तत्त्वे दूरवरून होणाऱ्या उपचारांसाठी आहेत हे खरे, पण मशीनचे स्थान कोणते याबाबत त्यांतील भूमिका निःसंदिग्ध आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2023 साली याच विषयावर स्वतंत्र नैतिक मार्गदर्शिका काढली. तिचाही भर माणसाच्या देखरेखीवर आणि उत्तरदायित्वावर आहे. म्हणून ‘मशीनचा रिपोर्ट होता’ हा रुग्णालयाचा बचाव मला बचाव वाटत नाही. डॉक्टरांनी न वाचलेला अहवाल रुग्णाच्या हाती दिला, याची ती कबुलीच आहे.

प्रणाली बनवणाऱ्या कंपनीलाही हात झटकता येणार नाहीत. 1 एप्रिल 2020 पासून रोगनिदानासाठीच्या संगणकप्रणालीही आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या कायदेशीर व्याख्येत येतात, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ते संगणकप्रणालीला कितपत लागू पडते, यावर कंपनीचे वकील वाद घालतील. तो वाद त्यांनी घालावा. आपण तक्रारीत रुग्णालय आणि उत्पादक या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे.

त्या तंत्रज्ञ मुलाविषयी आपण लिहिलेत, त्यामुळे मला एक अपघात आठवला. 18 मार्च 2018 रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टेम्पी येथे, उबर कंपनीच्या चाचणीवर असलेल्या स्वयंचलित गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. गाडीच्या यंत्रणेला ती महिला धडकेच्या सुमारे साडेपाच सेकंद आधी जाणवली होती. पण समोर वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याबद्दल यंत्रणेचा अंदाज पुनःपुन्हा बदलत राहिला. अशा वेळी आपणहून जोराचा ब्रेक लावण्याची सोयही तिच्यात ठेवलेली नव्हती. अपघाताची चौकशी करणाऱ्या अमेरिकी मंडळाने कंपनीच्या सुरक्षाव्यवस्थेवरही ठपका ठेवला. तरीही फौजदारी खटला चालला तो गाडीत देखरेखीसाठी बसलेल्या कर्मचारी महिलेवर, आणि 2023 साली तिने गुन्हा कबूल केला. तिचे लक्ष रस्त्यावर नव्हते, हे मान्य. पण लक्ष ढळले तरी जीव वाचेल अशी व्यवस्था उभारणे हे तिच्या हातात नव्हते, ते कंपनीच्या हातात होते. आपल्या प्रकरणातही एक्स-रे काढणाऱ्या मुलाला तो वाचून निदान करण्याचा अधिकारच नव्हता. त्याला काढून टाकल्याने रुग्णालयाची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही, आणि तो बोलायला तयार असेल तर त्याची साक्ष आपल्याला मोलाची ठरेल.

आता कागदपत्रांविषयी. रुग्णाने मागणी केल्यापासून 72 तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात, असे डॉक्टरांच्या वर्तनाविषयीचे 2002 चे नियम सांगतात. मागणी लेखी करावी आणि पोहोच घ्यावी. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे 1995 च्या शांता खटल्यापासून ठरलेले आहे. त्यामुळे बिलाची पावती जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. ती कोणत्या दिवसापासून मोजायची यावर वाद होऊ नये, म्हणून पहिल्या अहवालाच्या तारखेपासूनच मोजून त्याआधी तक्रार दाखल करावी.

प्रश्न : आईचे गर्भाशय ‘रोबो’ने काढायचे आहे असे सांगून माझी सही मागितली जात आहे. रोबो स्वतः निर्णय घेतो का? नकार देता येतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नकार देता येतो, पण तो देण्याचा अधिकार आपला नाही, आईंचा आहे. अशा शस्त्रक्रियेत सर्जन बाजूच्या आसनावर बसून यंत्राचे हात चालवतात. काय कापायचे हे तेच ठरवतात. ‘रोबो’ या शब्दाने उगाच धास्ती वाटते. खरी काळजी घ्यायची ती संमतीची. समीरा कोहली खटल्यात दिल्लीतील एका महिलेला दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली होती, आणि ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले. जीव वाचवण्यासाठी ते तातडीचे नसेल, तर शुद्धीवर येऊन निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाऐवजी दुसऱ्या कोणाची संमती चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली दिला.

तेव्हा आपण सही करू नका. फॉर्म आईंच्या हाती द्या. तो इंग्रजीत असेल तर मराठीत मागा. या यंत्रावर आपण स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, मध्येच पोट उघडावे लागले तर काय कराल, दुर्बिणीच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा माझ्या बाबतीत नेमका फायदा कोणता आणि खर्च किती वाढेल, हे प्रश्न आईंनी सर्जनना स्वतः विचारावेत. आणि तेही भरती व्हायच्या आधी, दवाखान्यात निवांत बसून.