पाचगणीत सेंट पीटर्ससारख्या अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) शाळा कशा उभ्या राहिल्या?

मुख्य कारण पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो. जूनमध्ये तिथले बंगले गवताने झाकून बंद व्हायचे. जेमतेम १८-१९ किलोमीटरवरच्या पाचगणीत, डोंगराच्या आडोशाला, निम्म्याहूनही कमी. उंची मात्र सुमारे १३०० मीटर, हवा थंड. वसतिगृहाच्या शाळेला मुलं पावसाळ्यातही ठेवता यावी लागतात, ती सोय इथे होती.

१८६०च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाने हे थंड हवेचं ठाणं वसवलं. १९व्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या युरोपियन शाळेतून पुढे मुलींची किमिन्स आणि मुलांची सेंट पीटर्स वेगळी झाली.

१९४७ नंतर गोरी मुलं गेली. सेंट पीटर्स टिकली, कारण भारतीय कुटुंबांनी जागा भरल्या, अगदी परदेशातूनही: फारोख बुलसारा, म्हणजे पुढे ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक झालेला फ्रेडी मर्क्युरी, १९५५ मध्ये झांझिबारहून इथेच आला. केंब्रिजच्या परीक्षेची जागा आयसीएसईने घेतली.

एक गफलत मात्र हमखास होते. ‘अँग्लिकन’ ही ओळख इतिहासाची आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे अनेक प्रोटेस्टंट चर्चचं संयुक्त चर्च स्थापन झालं आणि इथली अँग्लिकन मंडळी त्यात विलीन झाली. जुन्या नोंदी शोधताना ही तारीख आधी बघा.