नाला कोणाचा, पाणी कोणाचे?

वाचकांचे प्रश्न

एकाच वस्तीत महापालिका, सिडको, एमआयडीसी, पोलीस, रेल्वे, वीज कंपनी अशी पाच-सहा कार्यालये आपापले काम करत असतात. त्यांनी एकत्र बसून ‘या भागात दोन वर्षांत काय बदललेले दिसले पाहिजे’ हे ठरवावे आणि लिहून द्यावे, अशा सामायिक आराखड्याविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले हे प्रश्न.

आमच्या सेक्टरचा चौक दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. एक कार्यालय म्हणते, पाणी वरून येते. दुसरे म्हणते, तलावाला हात लावायची परवानगी नाही. सगळ्यांना एकत्र आणले तरी ठरवायचे काय? (कोपरखैरणे)

आधी पाण्याची वाट कागदावर काढा. पूर्वेला पारसिकचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, मग ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वे, मग तुमचे सेक्टर आणि शेवटी खाडी. डोंगरावर पडलेला पाऊस हा सगळा उतार फार थोड्या वेळात पार करतो. खाडीकाठची जमीन भराव घातलेली आणि सखल आहे, म्हणून सिडकोने इथे धारण तलाव बांधले. त्यांच्या तोंडाशी झडपा असतात. ओहोटीला झडप उघडते आणि पाणी खाडीत जाते. भरतीला खाडीच्या दाबाने ती बंद होते आणि तेवढा वेळ शहरातला पाऊस तलावात साठून राहायचा असतो. तलावात गाळ भरला की ही जागा कमी होते. झडप गंजून उघडी राहिली तर उलटे खाडीचेच पाणी आत शिरते. म्हणजे मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की चौक बुडतो.

परवानगी नसल्याचे सांगणारे कार्यालय खोटे बोलत नाही. तलावांत तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, वाढली आहेत आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानंतर सार्वजनिक कामासाठीसुद्धा ती तोडायची तर न्यायालयाची परवानगी लागते. पण ही परवानगी मागायची कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे कुठेच लिहिलेले नसते, आणि घोडे तिथेच अडते. झडपांची दुरुस्ती, पंप, वरच्या पट्ट्यातल्या नाल्यांचा गाळ, पुलाखालचा कचरा ही कामे तिवरांचा निर्णय येईपर्यंत रखडवण्याचे कारण नाही.

बैठकीआधी सगळ्या कार्यालयांच्या अभियंत्यांनी मिळून नाल्याची पाहणी करावी, एकदा ओहोटीला आणि एकदा भरतीला. दोन्हींपैकी एकदाच केली तर निम्मी गोष्ट दिसत नाही. आराखड्यात पहिले वाक्य कामाचे नसावे, चौकाच्या स्थितीचे असावे. उदाहरणार्थ: ‘पुढच्या दोन पावसाळ्यांत या चौकात १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी सलग दोन तासांहून अधिक थांबणार नाही.’ त्याखाली प्रत्येकाचा वाटा: वरच्या नाल्यांचा गाळ एमआयडीसी, सेक्टरमधला नाला आणि पंप महापालिका, रुळांखालच्या मोऱ्या रेल्वे, तिवरांच्या परवानगीचा अर्ज तलावाचा ताबा असलेले कार्यालय. प्रत्येक ओळीपुढे एक पदनाम, एक तारीख आणि खर्चाचे लेखाशीर्ष, म्हणजे पैसे अंदाजपत्रकातल्या कोणत्या सदरातून येणार ते. ‘सर्व संबंधित विभाग’ असे लिहिलेली ओळ कोरीच समजा.

मोजमाप सोपे ठेवा. चौकातल्या दोन खांबांवर १५, ३० आणि ४५ सेंटिमीटरच्या पट्ट्या रंगवा. पाणी कधी चढले, कुठवर आले, कधी ओसरले, त्या वेळी भरती किती वाजता होती आणि विभागवार पाऊस किती मिलिमीटर झाला, एवढ्या पाच नोंदी सोसायटीचा पहारेकरीही करू शकतो. भरती आणि पाऊस सोबत नोंदवले नाहीत, तर कोरड्या वर्षाचे श्रेय आराखड्याला मिळते आणि ओल्या वर्षी उगाच तोच बदनाम होतो.

तारखाही उलट्या मोजाव्यात. गाळ ३१ मेपर्यंत निघायचा असेल तर निविदा जानेवारी-फेब्रुवारीत निघाली पाहिजे आणि पैसे त्याआधीच अंदाजपत्रकात हवेत. एप्रिलमध्ये घेतलेली बैठक त्या पावसाळ्यासाठी वाया गेलेली असते.

आमच्या यादीत ६२ मागण्या आहेत. त्यातल्या किती ठेवाव्यात? (नेरूळ)

तीन. फार तर पाच.

इंग्लंडमध्ये २००४-०५पासून स्थानिक परिषदा, पोलीस, आरोग्य यंत्रणा आणि केंद्र सरकार यांच्यात असे करार होऊ लागले. पुढे त्यासाठी १९८ राष्ट्रीय निर्देशांकांची यादी आली आणि त्यातून जास्तीत जास्त ३५ निवडायचे असे ठरले. तरीही अधिकाऱ्यांचा मोठा वेळ आकडे भरण्यात जाई. २०१०मध्ये तिथल्या नव्या सरकारने ही पद्धतच बंद केली. स्कॉटलंडने वेगळी वाट धरली. २००३च्या कायद्याने तिथे एकत्रित नियोजन बंधनकारक झाले आणि २००८पासून ३२ परिषदांच्या क्षेत्रांत करार होऊ लागले. २०१५च्या कायद्याने दोन गोष्टी पक्क्या केल्या. पुढाकाराची जबाबदारी एकट्या परिषदेवर न ठेवता आरोग्य मंडळ, पोलीस, अग्निशमन आणि उद्योग विकास यंत्रणेवरही टाकली. शिवाय सर्वात मागे पडलेल्या वस्त्यांसाठी छोटे, वेगळे आराखडे करायला लावले.

आपण दुसरी गोष्ट आजच घेऊ शकतो. पूर्ण नेरूळसाठी ६२ मागण्या मांडण्यापेक्षा एका वस्तीसाठी तीन बदल ठरवा. उरलेल्या ५९ फेकू नका. त्यातल्या बहुतेक, म्हणजे फुटलेली फरशी, बंद दिवा, न उचललेला कचरा, या नेहमीच्या तक्रारी आहेत आणि विभाग कार्यालयाच्या तक्रार नोंदवहीत त्यांची जागा आहे. एका कार्यालयाला एकट्याने सुटेल असा प्रश्न सामायिक आराखड्यात घालू नये. दोन किंवा अधिक कार्यालयांशिवाय जो सुटतच नाही, तोच घ्या. ही चाळणी लावली की यादी आपोआप आटोपशीर होते.

पहिली गोष्ट मात्र आपल्याकडे नाही. पोलीस, रेल्वे, वीज कंपनी यांनी वस्तीच्या आराखड्याला बांधील राहावे असा कायदा इथे नाही. म्हणून बैठकीचे इतिवृत्त कोणालाही बांधत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक विभागाने आपल्या वाट्याची ओळ स्वतःच्या कार्यालयीन आदेशात किंवा कार्यादेशात उतरवली, तरच ती त्याच्या कामाच्या यादीत जाते. पहिल्या बैठकीनंतर ३० दिवसांच्या आत प्रत्येकाकडून त्या आदेशाची प्रत मागा. आराखड्यावरच्या सह्यांपेक्षा या प्रतींना वजन जास्त असते.

स्टेशनपासून वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर महिलांना रात्री सुरक्षित वाटावे, ही आमची मागणी. ‘वाटणे’ मोजणार कसे? (कळवा)

तुमची मागणी अगदी योग्य शब्दांत आहे, ती बदलू नका. ‘४० नवे दिवे’ असे लिहिले की दिवे लागतात आणि काम संपते. रस्ता तसाच ओस राहिला तरी विचारायला जागा उरत नाही.

गुन्ह्यांच्या आकड्यांवर एकटे विसंबू नका. रस्ता सुधारला आणि पोलिसांवर विश्वास बसू लागला की तक्रार द्यायला जास्त बायका पुढे येतात. पहिल्या वर्षी आकडा वाढला तर ते अपयश आहेच असे नाही. त्याऐवजी तीन मापे एकत्र ठेवा. एक, रात्री ९ ते ११ या वेळेत स्टेशनबाहेर पडणाऱ्या महिलांना विचारायचे दोनच प्रश्न: ‘या रस्त्याने एकट्या जाता का?’ आणि ‘नसल्यास कोणत्या ठिकाणी थबकता?’ निदान १०० जणींना, कामाच्या दिवशी आणि रविवारी वेगवेगळे विचारा. दोन, त्याच वेळेत त्या रस्त्याने पायी जाणाऱ्या महिलांची मोजणी. तीन, बंद दिवा लागायला किती तास गेले याची नोंद. पहिली फेरी काम सुरू होण्याआधी झालीच पाहिजे. सुरुवातीची स्थिती नोंदलेली नसली की वर्षअखेरीला उरतो तो फक्त वाद.

हद्दी नीट समजून घ्या. फलाटावर आणि स्टेशनच्या आवारात लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल, बाहेर पडताच शहर पोलीस. पथदिवे महापालिकेचे. वीजवितरण कळवा-मुंब्रा-शीळ पट्ट्यात टोरंट पॉवरकडे, उरलेल्या ठाण्यात महावितरणकडे. दिवा बंद असणे आणि खांबापर्यंत वीजच न येणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. प्रत्येक खांबावर क्रमांक रंगवून घेतला तर ‘मंदिराजवळचा दिवा’ असल्या वर्णनावरून होणारी टोलवाटोलवी थांबते. रिक्षा थांब्याच्या प्रश्नात वाहतूक पोलीसही येतात. त्यांना पहिल्या बैठकीपासून बोलवा, कारण रात्री उशिरा रस्त्यावर जी वर्दळ राहते ती बहुतेक थांब्यामुळेच.

प्रभाग समितीला यात खरोखर काही अधिकार आहेत का? (वर्तकनगर)

आहेत, आणि ते फार कमी वापरले जातात. राज्यघटनेची ७४वी दुरुस्ती १ जून १९९३ला लागू झाली. तिच्या २४३-एस अनुच्छेदाप्रमाणे तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या हव्यात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ मध्ये त्यांची रचना आहे: त्या क्षेत्रातले नगरसेवक, क्षेत्राचा प्रभारी अधिकारी आणि सामाजिक संस्थांतून घेतलेले जास्तीत जास्त तीन सदस्य. पाणीपुरवठा, मलनिःसारण, स्वच्छता, पावसाळी पाण्याचा निचरा यांच्या तक्रारी लवकर सोडवणे हे समितीचे काम आहे. अंदाजपत्रक आयुक्तांकडे जाण्याआधी प्रभागातल्या खर्चावर तिने शिफारशी करायच्या असतात. तरतूद असेल तर पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांना तिला मंजुरी देता येते.

तुमच्यासाठी कळीच्या जागा दोन आहेत. पहिली, ते तीन सदस्य. वस्तीत काम करणाऱ्या संस्थेचा माणूस तिथे असेल तर आराखडा दर महिन्याच्या विषयपत्रिकेवर राहतो. दुसरी, अंदाजपत्रकाची शिफारस. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असले तरी विभागांचे आकडे कितीतरी आधी गोळा होतात. तुमचा प्रस्ताव ऑक्टोबरअखेर सहायक आयुक्तांच्या टेबलावर हवा, सोबत जागेचा नकाशा आणि ढोबळ खर्च जोडून. पाच लाखांची मर्यादा पाळायची म्हणून एक काम तुकड्यांत फोडू नका. लेखापरीक्षणात ते अडते आणि पुढच्या कामांवरही संशय बसतो.

नगरसेवक नसून प्रशासकांचा कारभार चालू असेल तेव्हा हा रस्ता बंद असतो. अशा वेळी प्रस्ताव थेट सहायक आयुक्तांकडे द्या आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत होणाऱ्या लोकशाही दिनाचा, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी अधिकारी समोरासमोर ऐकतात त्या दिवसाचा, उपयोग करा.

कार्यालये आकडे देत नाहीत. माहिती अधिकार वापरावा का? (ऐरोली)

आधी साधे पत्र, मग कार्यालयात जाऊन भेट, त्यानंतर अर्ज. पहिल्याच दिवशी अर्ज टाकला की समोरचा अधिकारी सावध होतो आणि ज्याच्याशी पुढे दोन वर्षे काम करायचे तोच दुरावतो.

अर्ज करायचा झाल्यास महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. शुल्क १० रुपये. ‘तुमच्या भागातील समस्यांची माहिती द्यावी’ असे विचारलेत तर उत्तर मिळणार नाही. दस्तऐवज मागा: ‘१ जून ते ३० सप्टेंबर या काळातील अमुक पंपगृहाच्या लॉगबुकच्या प्रती.’ पंप किती वाजता चालू झाला आणि वीज किती वेळ गेली हे त्याच वहीत असते. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणे कलम ६(३)प्रमाणे त्यांच्यावरच बंधनकारक आहे. तो परत घेऊन जा असे सांगितले तर निमूटपणे परत नेऊ नका. उत्तर आलेच नाही किंवा अपुरे आले, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करा.

दर बैठकीला नवा माणूस येतो आणि ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ म्हणतो. (घणसोली)

निमंत्रणातच लिहा: ‘खर्च आणि तारीख यांवर जागेवर निर्णय देऊ शकेल असा अधिकारी पाठवावा.’ विषयपत्रिका आठ दिवस आधी पाठवा, म्हणजे वरिष्ठांना विचारून येता येते. आराखड्यात अधिकाऱ्याचे नाव घालू नका, पदनाम घाला. बदली झाली तरी ओळ राहते. नवा अधिकारी रुजू झाला की पहिल्या आठवड्यातच त्याला नाला किंवा रस्ता प्रत्यक्ष दाखवून आणा.

इतिवृत्त बैठकीतच लिहून, मोठ्याने वाचून, सही घेऊनच उठा. नंतर येणाऱ्या इतिवृत्तात ‘दोन महिन्यांत करू’चे ‘कार्यवाही सुरू आहे’ झालेले असते. पुढच्या बैठकीत हा शेरा चालवून घेऊ नका. त्या रकान्यात तीनच उत्तरे ठेवा: झाले, झाले नाही, किंवा नवी तारीख आणि तिचे कारण. एकाच ओळीची तारीख दोनदा पुढे गेली तर ती ओळ त्या विभागाच्या वरिष्ठांकडे लेखी पाठवायची, हा नियम पहिल्याच बैठकीत सगळ्यांकडून मान्य करून घ्या. नंतर तोच नियम आणला तर ज्याचे काम अडले आहे त्याला तो आपल्याविरुद्ध केला असे वाटते.