रिपोर्ट नॉर्मल, पण अंग दुखतंच

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी वेंगुर्ले तालुक्यात राहते, वय ३९. काजूच्या कारखान्यात सोलणीला जाते. गेली दोन-अडीच वर्षं मान, खांदे, कंबर, मांड्या, सगळं अंग दुखतंय. रात्रभर झोपूनही सकाळी अंग ठेचून काढल्यासारखं वाटतं. किलोचा हिशेब सांगताना मध्येच विसरते. रक्त तपासलं, एक्स-रे काढले, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया लिहून दिलं, दुसरे म्हणाले, असं काही नसतं, मनाचं आहे. सासूबाई म्हणतात, "कामाचो कंटाळो, दुसरा काय!" कारखान्यात दाखवायला दाखला मिळेल का? आणि मला खरंच आजार आहे ना?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, आजार आहे. यात मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात, त्यामुळे साधा दाब किंवा गार वारासुद्धा दुखतो. हे रक्तात किंवा एक्स-रेत दिसत नाही. त्या तपासण्या थायरॉइड, संधिवात, ड जीवनसत्त्वाची कमतरता असं दुसरं काही नाही ना, हे बघायला असतात. आपल्याकडे चिकुनगुन्यानंतरही सांधे महिनोन्‌महिने धरतात, तेव्हा तसा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा.

१९९० च्या निकषांत अंगावरच्या १८ जागा दाबून ११ तरी दुखतात का, हे बघत. २०१० पासून त्याची गरज उरलेली नाही. दुखणं किती भागांत आहे, तीन महिने टिकलंय का, झोप, थकवा आणि विसरभोळेपणा कसा आहे, यावरून निदान होतं. म्हणजे पेशंटचं बोलणं नीट ऐकावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही याला जागा आहे. असं असताना आमच्याच पेशातले लोक 'मनाचं आहे' म्हणून बाईला परत पाठवतात, याचा मला मनापासून राग येतो. तिचं दुखणं तर राहतंच, वर घरात तिची बाजू पडते.

दाखल्याचं स्पष्ट सांगते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत फायब्रोमायल्जियाचं नाव नाही, त्यामुळे नुसत्या या निदानावर दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. हे बदलायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पण डॉक्टरांकडून साध्या चिठ्ठीवर निदान आणि कामात काय बदल हवा, एवढं लिहून घ्या: पाठीला टेकू असलेली बैठक, अधूनमधून उठून चालायची मुभा. मजुरी किलोवर असली की बायका उठतच नाहीत, मला माहीत आहे. म्हणून मुकादमाकडे एकटीने न जाता सोबतच्या दोघी-तिघींना घेऊन जा. टेकू त्यांनाही हवाच असेल.

उपचारात सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. संध्याकाळी ओल्या, घट्ट पुळणीवर थोडं चाला. भुसभुशीत वाळूत पोटऱ्या ओढल्या जातात, ती टाळा. सुरुवातीला दुखणं किंचित वाढेल, तरी सोडू नका, वेळ हळूहळू वाढवा. बऱ्या दिवशी मात्र हात आवरा. चतुर्थीची साफसफाई एका दिवसात उरकून पुढचा आठवडा अंथरुणात काढलेल्या कितीतरी बायका मी बघते. रोजच्या वेदनाशामक गोळ्यांचा यात फारसा उपयोग नाही, मूत्रपिंड आणि जठर मात्र बिघडतं. स्टेरॉइड तर नकोच. अमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटिन, प्रीगॅबालिन यांतलं एखादं औषध काहींना झोपेला आणि वेदनेला उपयोगी पडतं, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. यांतली काही औषधं नैराश्यावरही देतात, म्हणून चिठ्ठी बघून कुणी 'बघ, मनाचंच' म्हणालं तर खचू नका.

यासाठी दर वेळी गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय किंवा कोल्हापूर गाठायची पाळी येऊ नये. तालुक्याच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट नियमित हवा आणि आशाताईंच्या प्रशिक्षणात या आजाराचं नाव हवं. ग्रामसभेत हे मागता येतं, तुम्ही मागा.

पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोरच समजावून सांगायला सांगा. मध्येच एखादा सांधा सुजला, ताप राहिला, वजन उतरलं किंवा हातापायातली ताकद गेली, तर ते फायब्रोमायल्जियाच्या खात्यात टाकू नका, लगेच दाखवा.