शांत माणसावर लिहिताना

बाबांवरच्या लेखाचा तुझा मसुदा वाचला. पहिल्यांदाच लिहितोयस, बरं लिहिलंयस की! फक्त 'मनमिळाऊ, कष्टाळू, प्रेमळ' हे तिन्ही शब्द आधी खोड. वर्षश्राद्धाच्या प्रत्येक जाहिरातीत ते असतात, आणि तुझे बाबा त्यात कुठंच सापडत नाहीत.

सुरुवातीला एवढंच बघ:

- एकच सवय घे, पण जवळून. तू फोनवर सांगितलंस, रविवारी ते खडेबाजारातून पाव किलो कुंदा आणायचे, पुड्याचा दोरा न तोडता सोडवायचे, बोटाला गुंडाळून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवायचे. मसुद्यात हे नाहीच! लेख तिथूनच सुरू होऊ दे.

- कमी बोलणाऱ्याच्या तोंडी लांब वाक्यं घालू नकोस. नव्यांची ही हमखास चूक. आजोबांवर लिहिताना मी त्यांना चक्क भाषण करायला लावलं होतं. आजीनं ऐकलं नि म्हणाली, "हे कोण रे?"

- 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, हे इथल्या वाचकाला शिकवू नकोस. बाबा दरवर्षी त्या तारखेला काळ्या दिनाच्या निषेध फेरीला जायचे आणि संध्याकाळी शेजारच्या कानडी अज्जांबरोबर कट्ट्यावर चहा प्यायचे, एवढंच लिही.

आईला विचार, पण वही-पेन घेऊन समोर बसू नकोस. शेंगा सोलायला बस, ती आपोआप बोलेल.

मांडणी, शेवट, शीर्षक नंतर बघू. शनिवारपर्यंत फक्त तो दोऱ्याचा परिच्छेद पाठव.