बाबांची पिशवी

प्रिय,

तुझा परवाचा फोन मनातून जात नाही. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून तू मोबाइलवरून भाजी, वाणसामान मागवलंस, दहा मिनिटांत सगळं दारात आलं, आणि बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. "एवढं करूनही त्यांचं तोंड वाकडंच," म्हणालास. आवाज दुखावलेला होता, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. आज लिहायला बसले.

माझ्या आईच्या बाबतीत मी हेच केलं होतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला बाहेर पडता येईना. मग मी बँकेतून येताना निवडलेली मेथी, सोललेला मटार, चिरलेली फरसबी अशी पाकिटं आणायला लागले. तिला त्रास नको, एवढंच मनात होतं. महिनाभरात ती कशालाही "कर तुला हवं ते" म्हणायला लागली. भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय ती कधी भेंडी घेत नसे. दुधीला नख लावून कोवळा की जून ते सांगायची, नारळ कानाशी धरून हलवायची. त्या हातांना घरात कामच उरलं नव्हतं, आणि मला ते दिसलं नाही. आमच्या हातगाडीवाल्यानं विचारलं, "आजी खाली येत नाहीत का आता? गवार कोवळी आहे, त्यांना दाखवायची होती." दुसऱ्या दिवशी वॉकर धरून तिला हळूहळू फाटकापर्यंत नेलं, खुर्ची टाकली. तिनं गवारीची शेंग मोडली, अर्धी परत टाकली, त्याच्या मुलीच्या दहावीची चौकशी केली, वर मूठभर कढीपत्ता मागून घेतला. घरी आल्यावर आपणहून म्हणाली, "परवा वालाचं बिरडं करू या. वाल आत्ताच भिजत घाल."

तुझे बाबा चाळीस वर्षं पुण्याच्या मंडईत जातात. 1886 साली उभी राहिलेली ती दगडी इमारत त्यांना तळहातासारखी पाठ आहे. कुठल्या गाळ्यावर आलं चांगलं, कोण वजनात मारतं, कोण ओळखीनं ताजा माल खालून काढून देतं, हे घरात फक्त त्यांना कळतं. निवृत्त माणसाला जेवताना "आज टोमॅटो उतरले" एवढं तरी सांगायला हवं असतं. ते वाक्यच तू काढून घेतलंस, बाळा. शिवाय पैसेही तूच दिलेस. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन ते जी पेन्शन घेतात, ती खर्चायची कुठे? घरात आपला हात लागतो, ही भावना म्हाताऱ्या माणसाला औषधाइतकी लागते. त्यांनी पाकीट काढलं की "राहू द्या बाबा" म्हणू नकोस.

आता एक अवघड गोष्ट. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या ना, "मुलगा असून बापाला पिशव्या उचलायला लावतो"? ते तुला लागलं. मग ती ऑर्डर बाबांच्या गुडघ्यासाठी होती की काकूंच्या बोलण्यासाठी, हे स्वतःला विचार. चार लोकांच्या धाकानंही आपल्याकडे पुष्कळ म्हातारी माणसं सांभाळली गेली आहेत, मी त्या धाकाला नावं ठेवणार नाही. पण लोकांना बाहेरून दिसेल तेवढीच सेवा तो करून घेतो.

आणि बायकोचं काय? गोळ्यांचे डबे भरणं, बिनमिठाची आमटी वेगळी काढणं, रात्री उठून बघणं हे तिच्याकडे, आणि "मुलगा किती करतो" हे तुझ्याकडे. ज्येष्ठांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा एकदा वाच. त्यात जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर टाकली आहे, अपत्यांच्या त्या व्याख्येत सून नाही. आपल्या घरांत मात्र पहिलं नाव तिचंच लागतं. रविवारचं सगळं तू घे. तिला मदत म्हणून नको, वडील तुझे आहेत म्हणून. बहिणीलाही सांग, ती लांब आहे, पण डॉक्टरांच्या तारखा, रिपोर्ट फोनवरून सांभाळू शकते.

सामानाचं म्हणशील तर तेल, तांदूळ, आटा वाण्याकडून घरपोच येऊ दे, यादी मात्र बाबांनी सांगायची. भाजी त्यांची. चाकाची पिशवी घेऊन दे, जाताना-येताना रिक्षा, आणि सकाळी गर्दीच्या आधी. पावसाळ्यात ओल्या फरशीवर एकटं सोडू नकोस. घसरून पडणं या वयात फार महागात पडतं, ते मी आईच्या वेळी बघितलं आहे.

या शनिवारी तूच त्यांच्याबरोबर जा. ते भाव करतील तेव्हा मध्ये बोलू नकोस, घड्याळ बघू नकोस. काटेरी वांगी आली असतील तर अर्धा किलो माझ्यासाठी घे. बाबांनाच निवडू दे, आणि पैसे किती झाले ते मला त्यांनाच फोन करून सांगायला सांग.

तुझी,
मावशी