सोलापूरकडे सीना नदीकाठी राहतो. पुरात घर सोडायची वेळ आली तर सामान पेटीत भरून ठेवावं, ड्रममध्ये की बॅगेत?

माणशी एक पाठीवरची सॅक ठेवा, पत्र्याची पेटी नको. उजनी धरणातून विसर्ग वाढला की भीमा नदी फुगते, वरच्या भागात जोराचा पाऊस झाला की सीना. अशा वेळी पाण्यातून किंवा बोटीतून निघताना दोन्ही हात मोकळे लागतात. पेटी उचलायलाच दोन माणसं अडकतात. सॅक मात्र पाणी अडवत नाही, म्हणून आधार, रेशन कार्ड, पासबुक, सातबारा, गोळ्या, टॉर्च झिपच्या पाऊचमध्ये आणि कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून घट्ट बांधून. पाण्याचा 20 लिटरचा जार म्हणजे 20 किलोंचं ओझं, त्यापेक्षा 2 लिटरच्या बाटल्या बऱ्या. कीटकनाशकाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नका, कृपा करून. दारात ट्रॅक्टर किंवा जीप नक्की येणार असेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा ड्रमही चालेल, फक्त एकट्याला उचलेल इतकाच भरा. आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ही सॅक पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, गोळ्या खराब होतात.